स्तंभांचे पाय कापू नका

निवडणुकीच्या निकालादिवशी टीव्हीवर महाराष्ट्राचा रंगीत नकाशा झळकतो आणि डोळे फसतात. विधानसभेच्या 3 जागांचा गडचिरोली जिल्हा पडद्यावर ऐसपैस पसरतो. 36 जागांची मुंबई मात्र तिळाएवढी. नकाशा जमीन मोजतो, मतं नव्हे. प्रत्येक जागेला सारखाच चौकोन दिला, तर चित्र बरंच खरं होईल.

स्तंभालेखाची लबाडी वेगळी. 98 आणि 100 या आकड्यांचे स्तंभ शून्याऐवजी 95 पासून उभे केले, की एक 3 घरांचा आणि दुसरा 5 घरांचा. फरक जेमतेम 2 टक्क्यांचा, दिसतो दीडपटीहून जास्त! वृत्तपत्रांनी तरी हे करू नये. रेषालेखाला ती सवलत चालते. रुग्णाच्या तापाचा आलेख शून्यापासून कोण काढतो?

स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने 1786 मध्ये स्तंभालेख छापला, 1801 मध्ये वृत्तालेख. हल्ली तो तिरका, जाडजूड काढतात. मग पुढची फोड उगाच फुगते.

सजावट नेहमीच वाईट, असंही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1858 मध्ये क्रिमियन युद्धातले मृत्यू पाकळ्यांच्या आकृतीत मांडले. जखमांनी मेलेल्यांच्या लाल पाकळ्यांपुढे टाळता येण्याजोग्या रोगांच्या निळ्या पाकळ्या कितीतरी पसरलेल्या होत्या.