मालमत्तेचा वकील आणि भूमिहीनाचा दावा

जमीन, बँका आणि संस्थानिकांचे तनखे या तिन्ही प्रकारच्या मालमत्तेची बाजू नानी पालखीवाला यांच्याइतक्या ताकदीने भारतीय न्यायालयांत क्वचितच कोणी मांडली असेल. त्यांच्या अशिलांविषयी समाजवाद्यांना ममत्व वाटण्याचे कारण नाही. तथापि त्यांच्या वकिलीचा हिशेब केवळ रोषाने मांडणे न्याय्य होणार नाही.

१९२० साली मुंबईत जन्मलेला, लहानपणी बोलताना अडखळणारा हा पारशी मुलगा १९४४ मध्ये सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये दाखल झाला. प्राप्तिकर कायद्यावरील त्या दोघांचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला. पुढे १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा भागधारक आर. सी. कूपर यांच्या वतीने पालखीवाला उभे राहिले आणि फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्दबातल ठरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा आदेशही टिकला नाही. परंतु दोन्ही विजय अल्पजीवी होते. बँकांविषयीचा नवा अध्यादेश चार दिवसांत निघाला; तनखे १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संपले. हे इष्टच झाले.

केशवानंद भारतींचा खटला मात्र निराळ्या वळणाने गेला. केरळच्या जमीनसुधारणा कायद्याचा घाला एडनीर मठाच्या जमिनींवर येताच मठाधिपतींनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तेरा न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. संसद घटना बदलू शकेल, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकणार नाही, असा निर्णय २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने झाला. केरळच्या कायद्यांना नवव्या परिशिष्टाचे संरक्षण देणारी २९ वी घटनादुरुस्ती मात्र वैध ठरली. म्हणजे मालमत्तेच्या हाती फारसे काही लागले नाही. लाभ झाला तो नागरिकांचा.

त्या लाभाचे मोल आणीबाणीत कळले. जून १९७५ मध्ये ती पुकारली जाताच पालखीवालांनी इंदिरा गांधींच्या निवडणूक अपिलाचे वकीलपत्र परत केले. नोव्हेंबरात केशवानंद निकालाच्या फेरविचारासाठी पुन्हा तेरा न्यायमूर्ती बसले, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला आणि दोनच दिवसांत ते पीठ बरखास्त झाले. संसदेला अमर्याद दुरुस्तीचा अधिकार देणारे कलम १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात कोसळले. मधल्या काळात, १९७८ साली, ४४ व्या घटनादुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला होता. मूलभूत चौकट त्याच्या आड आली नाही. मालमत्तेच्या खटल्यातून निघालेले तत्त्व मालमत्तेवाचून उभे राहू शकते, हे यावरून सिद्ध झाले.

आता दुसरी बाजू. १९८१ साली मुंबईच्या फुटपाथांवरील झोपड्या उठवण्याची मोहीम सरकारने काढली. ओल्गा टेलिस खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले. मात्र झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. येथेही तत्त्व विजयी झाले आणि पक्षकार हरला. फरक इतकाच की, बँकेच्या भागधारकाला दावा हरल्यावरही घर उरते. फुटपाथवरच्या माणसाला तेवढेही उरत नाही.

म्हणून रोष वकिलाच्या बुद्धीवर नसावा. ती बुद्धी ज्याच्या हाती सातबारा आहे त्यालाच परवडावी, या व्यवस्थेवर असावा. मोफत कायदेविषयक साहाय्याचे कलम १९७६ मध्ये घटनेत आले, त्यासाठीचा कायदा १९८७ मध्ये झाला. पण वकीलपत्रावर कोणाची तरी सही होणे म्हणजे साहाय्य नव्हे. मठाच्या जमिनीसाठी जी तयारी, जो अभ्यास आणि जी चिकाटी खर्ची पडली, ती कुळाच्या व झोपडीवासीयाच्या दाव्यासाठीही खर्ची पडली पाहिजे. परिवर्तनवादी चळवळींनी असे वकील घडवण्याचे काम मोर्च्याइतकेच महत्त्वाचे मानावयास हवे.