निशाणाची शिस्त

ब्रिटिश निशाणांचे बहुतेक रिवाज जहाजावर जन्मले. समुद्रात दुरून येणारे गलबत कोणाचे, हे कापडावरून ओळखावे लागे, म्हणून कोणी कोणते निशाण कुठे लावायचे याला कायद्याचा धाक असे. ‘युनियन जॅक’ १६०६ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे क्रूस एकत्र करून तयार झाला. १८०१ मध्ये त्यात आयर्लंडचा तिरपा लाल क्रूस आला. जहाजाच्या नाळेवरचे छोटे निशाण म्हणजे जॅक. मागच्या बाजूचे मोठे निशाण ते एन्साइन. १८६४ पासून त्याचे तीन रंग पक्के झाले. पांढरे आरमाराचे, निळे सरकारी जहाजांचे, लाल व्यापारी जहाजांचे. व्यापारी जहाज आरमारी जहाजाजवळून जाताना आपले निशाण थोडे खाली घेऊन पुन्हा चढवते. त्याचा हाच नमस्कार.

युनियन जॅक उलटा लागला तर ते चटकन लक्षात येत नाही. काठीकडच्या अर्ध्या भागात रुंद पांढरा पट्टा वर हवा. तो खाली गेला की निशाण उलटे झाले.

मराठवाड्यातल्या देवणीच्या माळावर मात्र या निशाणाचे राज्य नव्हते. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, उदगीर तालुक्यातला, बिदर जिल्ह्यातला. संस्थानाचे स्वतःचे आसफजाही निशाण होते: पिवळे कापड आणि मधोमध पांढरा गोल ‘कुलचा’. युनियन जॅक फडके तो हैदराबादेतल्या रेसिडेन्सीवर आणि सिकंदराबादच्या छावणीत. सत्ता दोन होत्या आणि दोघींच्या काठ्या वेगळ्या होत्या. ब्रिटिश भारतात १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा चढला, तेव्हा संस्थानात तो फडकावणे गुन्हा होता. संस्थानातल्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी तो फडकावण्याची हाक दिली आणि त्याच दिवशी ते अटकेत गेले. मराठवाड्यात तिरंगा उघडपणे उभा राहिला तो १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपल्यानंतर. म्हणूनच या भागात वर्षातून चारदा झेंडावंदन होते, आणि १७ सप्टेंबरचे झेंडावंदन इथल्या माणसाला इतर तिन्हींइतकेच जवळचे आहे. ते तसेच असावे. इथला तिरंगा तेरा महिने उशिरा, तुरुंगवास सोसून आला.

ब्रिटिशांचे निशाण गेले, पण त्यांच्या रिवाजांची चौकट बरीचशी टिकली. भारतीय व्यापारी जहाजांचे निशाण आजही लाल आहे. फक्त काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला. २६ जानेवारी १९५० रोजी भारतीय आरमारानेही असाच बदल केला, तरी पांढऱ्या कापडावरचा लाल क्रूस कायम राहिला. २००१ ते २००४ ही वर्षे सोडली तर तो थेट २ सप्टेंबर २०२२ पर्यंत होता. त्या दिवशी कोचीला जे नवे निशाण आले, त्यातला अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. मराठी आरमाराची आठवण जहाजावर परत यायला स्वातंत्र्यानंतर पाऊण शतक लागले.

दुखवट्याचा नियमही ब्रिटिश रिवाजासारखाच आहे: झेंडा आधी टोकापर्यंत चढवायचा, मग अर्ध्यावर आणायचा, उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊन मगच खाली घ्यायचा. सूर्यास्ताआधी उतरवण्याची सक्ती मात्र २०२२ मध्ये सैल झाली आणि उघड्यावर रात्रीही झेंडा ठेवता येऊ लागला.

देवणीपासून जवळच, उदगीरला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे विणकर तिरंग्यासाठी खादी विणतात आणि नांदेडला तिचे झेंडे शिवले जातात. मापे आणि रंग ठरवणारे मानक मुळात १९५१ चे. भारतीय मानकांच्या यादीत त्याचा क्रमांक पहिला आहे. झेंडा लांबीला तीन, तर उंचीला दोन. काठीकडच्या दुहेरी पट्टीत दोरी ओवून तिच्या टोकाला लाकडी खुंटी बसवतात. ती फासात अडकवली की झेंडा चढवायला तयार. डोलकाठीवर निशाण चढवणारे खलाशीही अशीच खुंटी वापरतात.