तीच सीडी परत का घ्यायची?

जॅझच्या जुन्या रेकॉर्ड्सचे रीइश्यू विकत घेणाऱ्या माणसाकडे लोक साधारण दोन नजरांनी बघतात. एक, 'याला पैसे जास्त झालेत'. दोन, 'सगळं फोनवर मिळत असताना याला हे काय सुचतंय'. दोन्हीत थोडं तथ्य आहे. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या तीन सीडी शेल्फवर ओळीने उभ्या दिसल्या तर कुणालाही मालकाच्या डोक्याबद्दल शंका येणारच. (हो, शेल्फ माझंच आहे. चौथीवर नजर आहे.)

तरी माझं म्हणणं असं, की रीइश्यू म्हणजे झेरॉक्स नव्हे. ते त्या रेकॉर्डचं नवं व्हर्जन असतं. आणि आपण सॉफ्टवेअरवाल्यांना तर हे चटकन पटायला हवं: व्हर्जनची खरी किंमत काय बदललं, कशावरून बदललं आणि कुणी बदललं हे लिहून ठेवण्यात असते. ज्या रीइश्यूवर हे लिहिलेलं नाही तो घेऊ नये. मग तो कितीही स्वस्त असो, नाहीतर कितीही महाग.

उदाहरण म्हणून 'काइंड ऑफ ब्लू'च घेऊ. 2 मार्च 1959 रोजी न्यू यॉर्कमध्ये, कोलंबिया कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीटवरच्या स्टुडिओत त्यातल्या पहिल्या तीन रचना रेकॉर्ड झाल्या. त्या दिवशी मुख्य टेप मशीन जरा हळू चालत होतं. म्हणजे काय, तर ती टेप पुढे बरोबर वेगाने वाजवली की संगीत किंचित जलद आणि सूर किंचित चढा. त्याच टेपवरून रेकॉर्ड निघाली, जगभर गेली, जॅझमधल्या सर्वात जास्त खपलेल्या रेकॉर्ड्सपैकी एक झाली. पहिल्या बाजूचा सूर तसाच चढा राहिला. दुसरी बाजू 22 एप्रिलला रेकॉर्ड झाली, ती ठीक होती.

आता गंमत बघा. त्या दिवशी स्टुडिओत दुसरं मशीनही चालू होतं, बॅकअप म्हणून, आणि त्याचा वेग बरोबर होता. ती टेप कंपनीकडे पडून होती. 1992 साली रीइश्यूचं काम करताना ही भानगड लक्षात आली आणि बॅकअपवरून पहिली बाजू दुरुस्त झाली. पहिल्या दिवसापासून प्रॉडक्शनमध्ये असलेला बग तब्बल 33 वर्षांनी फिक्स! 1997 पासूनच्या नेहमीच्या आवृत्त्यांमध्येही ही दुरुस्ती आहे. म्हणजे 1980 च्या दशकातली सीडी आणि 1997 ची सीडी, कव्हर तेच, वादक तेच, पण सूर वेगळा. 'तीच सीडी' असं म्हणायला इथे जागाच नाही.

प्रत्येक वेळी मामला इतका सरळ नसतो. कधीकधी बग नसतोच, नुसतं मत असतं. ब्लू नोट कंपनीच्या 1950 आणि 60 च्या दशकांतल्या बहुतेक रेकॉर्ड्स रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या एकाच इंजिनिअरने केल्या. हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ रेकॉर्ड करायचा. 1959 मध्ये त्याने जवळच इंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. पुढे 1999 पासून ब्लू नोटने त्याच्याचकडून त्या जुन्या टेप्स पुन्हा मास्टर करून घेतल्या आणि 'आरव्हीजी एडिशन' म्हणून सीडी काढल्या. म्हणजे मूळ कोड लिहिणाऱ्यानेच चाळीस वर्षांनी रिफॅक्टर केलं. यापेक्षा अधिकृत काय असणार?

तरीही अनेक श्रोत्यांना त्या सीडी आवडत नाहीत. आवाज फार पुढे आलाय, दबलाय, असं त्यांचं म्हणणं. 2019 पासून ब्लू नोटने 'टोन पोएट' नावाची एलपींची मालिका काढली, त्यात केव्हिन ग्रे यांनी मूळ टेप्सवरून वेगळं मास्टरिंग केलं. त्यातली तबकडी ऐकली की तोच ड्रमर खोलीत चार पावलं मागे सरकून बसल्यासारखा वाटतो. कोण बरोबर? माझ्या मते दोघेही. कारण दोघांनीही पाकिटावर आपलं नाव टाकलंय. कुणाच्या कानाने ऐकायचं ते मला ठरवता येतं, आणि एवढंच मला हवं असतं.

नाव टाकण्याची ही शिस्त ज्यांनी लावली त्यात मायकल कस्कुना यांचं नाव वर आहे (2024 साली ते गेले). 1970 च्या दशकात त्यांनी ब्लू नोटच्या गोदामातल्या टेप्स उपसल्या, तेव्हा कधीच न निघालेली कितीतरी सेशन्स सापडली. गिटारवादक ग्रँट ग्रीनचा 'मॅटाडोर' 1964 मध्ये रेकॉर्ड झाला आणि पहिल्यांदा बाहेर आला तो 1979 मध्ये. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कस्कुनांनी चार्ली लॉरी यांच्यासोबत मोझेक रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी काढली. मर्यादित प्रती, प्रत्येक बॉक्सवर क्रमांक, आणि आत एक पुस्तिका: कुठली तारीख, कुठला स्टुडिओ, कोण कोण वाजवत होतं, कुठला टेक निवडला. संगीत ऐकायच्या आधी मी ती पुस्तिका वाचतो. वेल-डॉक्युमेंटेड कोड बघितल्यावर जे सुख मिळतं ना, अगदी तेच.

याच्या उलट उदाहरण 2022 सालचं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी महागड्या रीइश्यूंसाठी प्रसिद्ध. तिच्या एलपी मूळ टेपवरून संपूर्ण ॲनालॉग पद्धतीने बनतात, अशी ग्राहकांची समजूत होती आणि कंपनीच्या जाहिरातींतून ती पक्कीच होत होती. त्या वर्षी उघड झालं की त्यातल्या बऱ्याच एलपींमध्ये कित्येक वर्षांपासून मधे एक डिजिटल पायरी होती. मोठा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं. गमतीचा भाग असा, की सोनाराच्या कानांचे म्हणवणारे भलेभले श्रोते त्याच तबकड्यांच्या ॲनालॉग उबेची तारीफ करत होते. डिजिटल पायरीने आवाज बिघडला नव्हताच. बिघडला तो भरवसा, कारण सांगायची गोष्ट सांगितली नव्हती. पुढे कंपनीने पायऱ्या स्पष्ट लिहायला सुरुवात केली. तेच आधी केलं असतं तर एकही गिऱ्हाईक तुटलं नसतं.

महाग मालाचं हे झालं. आता स्वस्त माल. ऑनलाइन शोधताना तुम्हाला 'आठ अल्बम, चार सीडी' असले युरोपियन बॉक्स हमखास दिसतील, किंमत एका अल्बमपेक्षाही कमी. हे चोरीचे नाहीत. युरोपात रेकॉर्डिंगचा हक्क आधी 50 वर्षं होता. 2011 मध्ये तो 70 वर्षं करायचं ठरलं, पण 1963 च्या आधी निघालेल्या रेकॉर्ड्स तोवर मोकळ्या झाल्या होत्या. आपल्याकडे मुदत 60 वर्षांची. अमेरिकेत मात्र 1959 ची रेकॉर्ड 2067 पर्यंत बांधलेलीच आहे. एकच रेकॉर्ड, तीन देश, तीन कायदे.

कायदेशीर असूनही मी हे बॉक्स घेत नाही. नैतिकतेचं व्याख्यान देत नाही, पण यातले पैसे वादकांच्या वारसांपर्यंत पोचत नाहीत, ही एक गोष्ट. दुसरी, मूळ टेप या मंडळींकडे सहसा नसते. मग यांनी आवाज कशावरून घेतला? दुसऱ्या कुणाच्या सीडीवरून? जुन्या एलपीवरून? पाकिटावर बहुतेक वेळा अक्षर नाही. नुसतं ऐकायचं असेल तर स्ट्रीमिंग आहेच की. पैसे मोजून घरात जागा द्यायची तर निदान पाहुण्याचं गाव तरी माहीत हवं!

हाच नियम विकणाऱ्यांनाही लागू. ऑनलाइन विक्रेत्यांकडून, त्यातही परदेशातून, डिस्क मागवायची तर त्यांची भाषा आधी समजून घ्यावी लागते. त्या भाषेत 'गुड' म्हणजे वाईट. 'व्हेरी गुड' म्हणजे चालेल एकवेळ. 'व्हेरी गुड प्लस'पासून पुढे विचार करायचा आणि 'मिंट' लिहिलं असेल तर आधी संशय घ्यायचा. फोटो त्याच प्रतीचा आहे की नेटवरून उचललेला, हे विचारा. सीडीच्या आतल्या चकचकीत कड्यावरचा मॅट्रिक्स नंबर विचारा, कारण बारकोड सारखा असूनही छपाई वेगळी असू शकते. 1988 ते 1993 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात बनलेल्या बऱ्याच सीडी कडेपासून तांबूस होत गेल्या आणि वाजेनाशा झाल्या. अशी डिस्क असेल तर पृष्ठभागाचा फोटो मागवा. डिस्कॉग्जवर एकाच अल्बमच्या प्रत्येक आवृत्तीचं वेगळं पान असतं, ते उघडून जुळवा. पोस्टेज आणि कस्टम्स धरून बेरीज करा आणि ट्रॅकिंग नसेल तर स्वस्तात पडतंय म्हणून हुरळू नका.

एका विक्रेत्याला मी हे सगळं विचारलं, तर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: संगीत तेच आहे, काय फरक पडतो? मी ऑर्डर दिली नाही. दुसऱ्या एकाने स्वतःहून कळवलं की पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर पेनाने आधीच्या मालकाचं नाव आहे, चालेल का. त्याच्याकडून मी आजवर अकरा डिस्क घेतल्यात.

आता तुम्ही म्हणाल, स्ट्रीमिंगवर सगळं आहे, मग हा खटाटोप कशाला? ऐकायला मीही तेच वापरतो, रोज, ऑफिसच्या बसमध्ये. पण तिथे कुठलं मास्टरिंग वाजतंय ते बहुधा कळत नाही, आणि उद्या फाइल बदलली तर कुणी सांगायला येत नाही. वादकांची नावं तर शोधावीच लागतात. पॉल चेंबर्स हे नाव घ्या. जॉन कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन' (ब्लू नोट), डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (कोलंबिया), कोल्ट्रेनचाच 'जायंट स्टेप्स' (अटलांटिक). तीन कंपन्या, तीन महत्त्वाच्या रेकॉर्ड्स आणि तिन्हीत डबल बास याच माणसाचा. 1969 साली वयाच्या 33 व्या वर्षी तो वारला. मला तो भेटला पाकिटांच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. तीन पाकिटं शेजारी ठेवली तेव्हा लक्षात आलं की अरे, हा तर सगळीकडे आहे!

आणि बारीक अक्षर नसलं की काय होतं, हे बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. मुंबईत 1930 ते 50 च्या दशकांत ताजमध्ये आणि इतरत्र जॅझ वाजवणारे कितीतरी गोवेकर वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचे. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, याने आपल्या सी. रामचंद्रांसोबत काम केलं. 1951 च्या 'अलबेला'तला तो ब्रास सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण त्या काळच्या गाण्यांच्या रेकॉर्डवर संगीतकार असायचा, गायक असायचा, ट्रम्पेट कुणाचा ते नसायचं. नरेश फर्नांडिस यांनी 2012 च्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात यातली बरीच नावं खणून काढली, सोबत रेकॉर्डिंग्जची सीडीही दिली. आपल्या जुन्या गाण्यांचे संच मात्र बहुतेक 'सदाबहार' नाहीतर 'अविस्मरणीय' अशा शीर्षकाखाली येतात. आत तारीख नाही, वादक नाहीत, टेपचा पत्ता नाही. अविस्मरणीय म्हणायचं आणि नावं विसरायची!

म्हणून मला वाटतं, गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात एक गोष्ट आहे. विचारायचं. कंपनीला विचारायचं, विक्रेत्याला विचारायचं, आणि जो उत्तर देतो त्याच्याकडेच पैसे द्यायचे. जॅझचे चांगले रीइश्यू आज निघतात त्यामागे असले खोदून खोदून विचारणारे चिकट श्रोतेही आहेत. मराठी भावगीतांचा किंवा नाट्यसंगीताचा असा एखादा बॉक्स निघाला, ज्यात तबल्यावर कोण आणि ऑर्गनवर कोण हे छापलंय, तर मी तो पूर्ण किमतीला घेईन. दोन घेईन. एक ऐकायला आणि एक 'तीच सीडी परत का घेतोस' असं विचारणाऱ्या मित्राला द्यायला.