सगळा काळा कातळ एक नव्हे

महाराष्ट्राच्या पुरातत्त्वावर बोलताना दातांतल्या स्ट्रॉन्शियमवरून माणसे-जनावरे कुठे वाढली हे ओळखण्याचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास पुढे येतो. ही पद्धत युरोपात ठीक आहे, तिथे थोडे चालले की खडक बदलतो. आपल्याकडे नाशिकपासून यवतमाळपर्यंत एकच काळा पाषाण. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात चरलेला बैल आणि मेहकरात चरलेला बैल, दोघांचे दात एकच आकडा सांगणार. मग हा खटाटोप कशासाठी?

आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. तो नीट तपासला पाहिजे, कारण त्याच्या आडोशाला एक मोठी उणीव राहून गेली आहे. इथले प्राचीन लोक स्थिर होते की फिरस्ते, इथलेच होते की बाहेरून आलेले, यावर आपण ठाम विधाने करतो. ती बहुतेक खापरांवरून आणि घरांच्या आकारावरून केलेली असतात. ज्या देहाने ती पायपीट केली, त्याची साक्ष आपण फारशी काढलेलीच नाही.

ही साक्ष कशी मिळते? खडकातल्या रुबिडियम-८७ चे अत्यंत संथ गतीने स्ट्रॉन्शियम-८७ होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४९ अब्ज वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या दहापटीहून अधिक. खडक जितका जुना आणि रुबिडियमने समृद्ध, तितके त्यातले स्ट्रॉन्शियम-८७ चे ८६ शी असलेले गुणोत्तर चढे. माती, पाणी, गवत, धान्य या वाटेने हे स्ट्रॉन्शियम शरीरात येते आणि कॅल्शियमच्या जागी बसते. हाड आयुष्यभर बदलत राहते. दाताचे एनॅमल एकदा तयार झाले की बदलत नाही. माणसाच्या पहिल्या कायमच्या दाढेचे एनॅमल जन्मानंतरच्या तीनेक वर्षांत तयार होते, अक्कलदाढेचे साधारण आठव्या ते चौदाव्या वर्षांच्या दरम्यान. गाईच्या किंवा मेंढीच्या उंच दाढेवर टोकापासून मुळापर्यंत ओळीने नमुने घेतले तर ती दाढ घडत असतानाच्या महिन्यांची चराई क्रमाने वाचता येते.

आता त्या एकच एक पाषाणाकडे येऊ. पहिली गोष्ट, दख्खनचा बेसॉल्ट आतून एकसारखा नाही. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांची रासायनिक प्रतवारी १९८० च्या दशकातच झाली. त्यात अंबेनळी थराचे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास, तर बुशे थराचे ०.७१३ च्या पुढे जाते. फरक तिसऱ्या दशांश स्थळावर दिसतो म्हणून तो किरकोळ समजू नये. आजची यंत्रे पाचव्या स्थळापर्यंत भरवशाने मोजतात. दुसरी गोष्ट, हा बेसॉल्ट कुठेतरी संपतो, आणि महागाव त्या शेवटापासून फार लांब नाही. पूस आणि पैनगंगा दोन्ही बेसॉल्टमधून वाहत येतात, हे खरे. पण त्याच यवतमाळ जिल्ह्यात पूर्वेला वणी-मुकुटबनकडे गेले की चुनखडक आणि कोळशाचे थर लागतात. पैनगंगेपलीकडे किनवटच्या बाजूला ग्रॅनाइट आणि नीस उघडे पडतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा एका अंगाला आणि त्याच्या कितीतरी पट जुने खडक दुसऱ्या अंगाला. महागावच्या मातीत पुरलेल्या जनावराच्या दातात चढे गुणोत्तर सापडले, तर ते सीमेपलीकडच्या कुरणातून आले असावे, असे म्हणायला सबळ आधार मिळेल. आक्षेप घेणारे ज्याला या भागाचा दोष म्हणतात, तीच त्याची सोय आहे: एका बाजूला बेसॉल्टची तुलनेने कमी गुणोत्तराची पार्श्वभूमी, तिच्यावर परका आकडा चटकन उठून दिसतो.

गुजरातेत याचा पडताळा आलेला आहे. बगसरा येथील हडप्पाकालीन वस्तीतल्या गुरा-मेंढ्यांच्या दातांचे स्ट्रॉन्शियम ब्रॅड चेस आणि बडोदा विद्यापीठातल्या पुरातत्त्वज्ञांनी मोजले. सौराष्ट्राचा बराचसा भाग दख्खनच्याच बेसॉल्टचा, तरी काम अडले नाही.

विदर्भात हा प्रश्न कुठे विचारायचा, हेही उघड आहे. माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा, भागीमोहारी इथली दफनांभोवतीची शिलावर्तुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. दफने शेकड्यांनी, वस्त्या त्या मानाने थोड्या. लॉरेन्स लेश्निक यांनी १९७४ साली दक्षिणेतली बृहदश्मयुगीन माणसे भटके पशुपालक होती असे मांडले. नंतर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी आणि वस्तीचे थर सापडले, आणि मत स्थिर शेतकऱ्यांकडे झुकले. दोन्ही बाजूंचा पुरावा अप्रत्यक्ष. माहूरझरीच्या दफनांत घोड्याचे अवशेष लोखंडी लगामाच्या कड्या आणि तांब्याच्या अलंकारांसह मिळाले. ते घोडे वैनगंगेच्या खोऱ्यात जन्मले की दूरच्या बाजारातून आले? नागपूर तर नेमके खडकांच्या सीमेवर वसलेले आहे: पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला नीस. याहून सोयीची जागा भूगोलाने काय द्यावी!

इनामगावचेही तसेच. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावात शेवटच्या, म्हणजे उत्तर जोर्वे, काळात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेळ्या-मेंढ्यांची हाडे वाढली. त्यावरून म. के. ढवळीकरांनी तिथले लोक अर्धभटके झाल्याचा निष्कर्ष काढला. निष्कर्ष बुद्धिमान आहे, पण घराचा आकार म्हणजे वाट नव्हे. मेंढीच्या एका दाढेवरचे ओळीने घेतलेले नमुने याविषयी अधिक थेट बोलतील.

दुसरा आक्षेप, स्थानिक जमिनीचा आकडाच चुकू शकतो हा, मला पहिल्यापेक्षा कितीतरी वजनदार वाटतो. डेन्मार्कमधील एग्टवेद येथे १९२१ साली ओकच्या पेटीत एका तरुणीचे अवशेष सापडले. तिचे दफन इसवी सनापूर्वी १३७० च्या सुमाराचे. २०१५ साली कारिन फ्राय यांच्या चमूने स्ट्रॉन्शियमवरून ती बहुधा जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टकडची, असे जाहीर केले आणि जगभर गाजावाजा झाला. २०१९ साली थॉमसन आणि आंद्रेआसन यांनी दाखवले की त्या भागातल्या पाण्याचे आकडे शेतात टाकलेल्या चुन्याने खाली आणले आहेत. लागवडीबाहेरच्या जमिनीवर मोजले, तर ती मुलगी दफनाच्या आसपासच वाढली असणे शक्य आहे. फ्राय यांनी हे मान्य केले नाही, वाद चालू राहिला. पण त्यातून निघणारा अर्थ पद्धत टाकून द्या असा नाही. स्थानिक जमिनीचा आकडा आधी शुद्धपणे मोजा, असा आहे. आपल्याकडे चुन्याऐवजी सुपरफॉस्फेट आहे. कपाशीच्या शेतात वर्षानुवर्षे पडलेल्या या खतात बाहेरच्या खडकाचे स्ट्रॉन्शियम असते. म्हणून महागावचा आकडा कपाशीच्या वावरातून घेऊन चालणार नाही. तो डोंगरावरच्या पळस-सागाच्या पानांतून, गोगलगायीच्या शंखांतून आणि प्राचीन थरांतल्या उंदरांच्या दातांतून घ्यावा लागेल.

मिठाचे भानही ठेवावे लागेल. समुद्राच्या पाण्याचे गुणोत्तर ०.७०९२ आहे. ग्वाटेमालातल्या टिकाल येथे माया लोकांचे आकडे स्थानिक जमिनीपेक्षा चढे दिसले, तेव्हा लोरी राइट यांनी बाहेरून आणलेल्या सागरी मिठाकडे बोट दाखवले. विदर्भात रेल्वे येण्याआधी मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येत असे. पुसद, महागाव, दिग्रसच्या तांड्यांना हा इतिहास कोणी सांगायला नको. जिथे मीठ पोचले, तिथे माणसाचा आकडा त्याने कुठेही न जाता सरकू शकतो. म्हणून सुरुवात जनावरांच्या दातांपासून करावी, माणसांकडे नंतर वळावे.

आणखी एक भीती बोलून दाखवली जाते: उद्या दात दाखवून कोणी कोणाला उपरा ठरवेल. भीती खरी आहे, पण तिचा रोख चुकलेला आहे. स्ट्रॉन्शियम बालपणीची जमीन सांगते. जात, भाषा, वंश सांगत नाही. वणीत वाढून महागावात नांदायला आलेल्या बाईच्या दाढेत तिचे माहेर राहते, आणि तिच्या लेकरांच्या दाढेत महागाव. एका पिढीत ‘बाहेरचा’ आकडा पुसला जातो. मूळ आणि उपरे असे कायमचे भेद पाडणाऱ्यांच्या हाती या पद्धतीतून काही लागत नाही. उलट माणसे सतत हलत आली, याचाच पुरावा वाढतो.

साधनांची सबबही टिकत नाही. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था (एनजीआरआय) या संस्थांत ही मोजमापे होतात. नमुना काही मिलिग्रॅम एनॅमलचा लागतो, आणि दात डेक्कन कॉलेज व नागपूर विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत.

पद्धतीवर विश्वास ठेवण्याआधी तिची परीक्षा घ्यायची असेल, तर तीही इथेच घेता येते. बारामती-फलटणकडचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात आणि पावसाआधी घाटावर परततात. काठेवाडी मेंढपाळ उंटांसह विदर्भात येतात. त्यांचा मार्ग त्यांना मुक्कामागणिक पाठ असतो. कळपातल्या मेलेल्या मेंढीची दाढ घ्यावी आणि मार्ग मेंढपाळाने सांगावा. प्रयोगशाळेला तो आधी कळू देऊ नये. दोन्ही जुळले की माहूरझरीच्या घोड्यांची पेटी उघडावी.