हौस आऱ्यांच्या चाकांची, काळजी ब्रेकची

जबलपूरला चाकांचे गाव म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. तोफांचे गाडे बनवणारा इथला कारखाना १९०४चा. लष्कराची प्रसिद्ध 'जोंगा' गाडीही इथलीच. तिच्या नावातला पहिला 'ज' जबलपूरचा! अशा गावातल्या तरुणांना मोटारसायकल आपल्या मनासारखी सजवावीशी वाटली तर नवल नाही. सध्या अनेकांना भुरळ पडली आहे ती अलॉय चाके काढून जुन्या धाटणीची आऱ्यांची, म्हणजेच स्पोकची चाके बसवण्याची.

ही हौस अगदीच निरर्थक नाही. अलॉय चाक एकसंध ओतीव असते. खड्ड्यात जोरात आदळले तर त्याला तडा जाऊ शकतो. आऱ्यांचे चाक थोडे लवचीक असते. आरा तुटला तर बदलता येतो, रिंग किंचित वाकली तर कुशल कारागीर आऊट काढून देतो. मात्र अशा बहुतेक चाकांत ट्यूब लागते, आणि ट्यूब पंक्चर झाली की हवा झपाट्याने जाते.

पण खरा प्रश्न ब्रेकचा आहे. ब्रेक पकडतो चाकाच्या मधल्या तुंब्याला, तर रस्ता पकडतो टायरला. या दोघांमधली सारी ओढाताण आऱ्यांना सोसावी लागते. म्हणून चाक आणि ब्रेक यांचा विचार एकत्रच करायला हवा.

पैसे वाचवण्यासाठी काही जण जुन्या गाडीचे ड्रम ब्रेकचे चाक पुढे बसवतात. हे धोक्याचे आहे. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो. वेगवान गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक काढून तिथे लहान ड्रम बसवणे म्हणजे दाराला कुलपाऐवजी सुतळी बांधणे. शिवाय १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचे आहे. चाक बदलताना त्याची दातेरी चकती आणि सेन्सर नीट जुळले नाहीत, तर ऐन वेळी चाक अडकून गाडी घसरू शकते.

मग करावे काय? रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५०सारख्या काही गाड्यांना कंपनीनेच दोन्ही प्रकारची चाके दिली आहेत. आपल्या मॉडेलसाठी कंपनीची अशी चाके मिळत असतील तर तीच घ्यावीत. नाही तर डिस्कचा व्यास, आसाची जाडी, बेअरिंग आणि चाकाचे माप मूळचेच राहील याची खात्री करावी. कॅलिपर आऱ्यांना घासता कामा नये. रिंगेच्या आतली रबरी पट्टी विसरू नये, नाही तर आऱ्यांची टोके ट्यूबला टोचतील. काही दिवस गाडी चालवल्यावर आऱ्यांचा ताण पुन्हा तपासून घ्यावा. नवे ब्रेक पॅड रुळेपर्यंत गाडी सावकाश हाकावी.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. म्हणून आधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

मुलाने चाकांसाठी हट्ट धरला तर आईवडिलांनी लगेच 'नाही' म्हणण्याचे कारण नाही. 'ब्रेक कोणता बसवणार?' एवढेच विचारावे. या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाल्यावरच पैशाच्या पाकिटाला हात घालावा!