आठवड्यातून दोन वेळा मासळी



आपल्या पांढुर्णा-सौंसरकडील बहुतेक गृहिणींची अशी समजूत असते की, मासळी हे समुद्रकाठच्या लोकांचे अन्न. आपल्या वाट्याला तुरीचे वरण आणि ज्वारीची भाकर. ही समजूत अर्धीच खरी आहे. समुद्र आपल्यापासून दूर आहे हे खरे. परंतु पांढुर्णा जाम नदीच्या काठी वसले आहे, कन्हान सौंसरच्या मुलखातून नागपुराकडे वाहत जाते, आणि भोई-ढिवर मंडळी या नद्या व तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरीत आली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. पण बाजाराची वाट अजूनही बरीचशी नागपूरचीच आहे, आणि नागपुरातून बर्फातली मासळी काही तासांत येथे पोहोचते. अडचण मासळी न मिळण्याची फारशी नाही. ती आठवड्याच्या जेवणात नेमाने कशी बसवावी, याची आहे.

प्रथम हे कष्ट का घ्यावेत ते पाहू. ज्वारी हे उत्तम धान्य आहे. पण तिच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो. वरणाने ती उणीव बरीच भरून निघते, मासळीने ती पूर्ण भरते. रोहूच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे १७ ते १९ ग्रॅम प्रथिने असतात, आणि ती लहान मुलांना व वृद्धांनाही सहज पचतात. शिवाय बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात व धान्यात मिळत नाही. ते दूध, अंडी, मांस आणि मासळीतूनच घ्यावे लागते. हृदयाला हितकारक अशी चरबीही मासळीत असते. १९७० नंतरच्या दशकात बँग आणि डायरबर्ग या दोन डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील एस्किमो लोकांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हापासून या चरबीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. ती बांगडा व तारली या समुद्री माशांत अधिक आणि रोहू-कतल्यात कमी असते. म्हणून बाजारात चांगला बांगडा दिसला तर तो अवश्य घ्यावा. परंतु तो नाही म्हणून गोड्या पाण्यातील मासळीला कमी लेखू नये.

किती खावी? अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थेचा सल्ला आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येक वेळी शिजलेले सुमारे ८५ ग्रॅम, असा आहे. आपल्या घरच्या हिशेबात हे बसवू. एक किलोचा रोहू घेतला, तर खवले, डोके, आतडी व काटे वजा जाता निम्म्याहून थोडे अधिक मांस हाती येते. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाला एका जेवणासाठी एक किलो मासा पुरतो. डोके टाकू नये. त्याचा रस्सा उत्तम होतो.

आता सोप्या युक्त्या. पहिली म्हणजे आठवड्याचे दोन वार ठरवून टाकणे. एक वार बाजाराचा ठेवावा, म्हणजे ताजा मासा मिळेल. दुसरा वार सुक्या मासळीचा. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची आपली जुनी वहिवाट अनेक घरांत आजही आहे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी त्या त्या देशांतील बिशपांना या प्रायश्चित्ताचे रूप ठरविण्याची मोकळीक दिली. तरीही ज्या घरात शुक्रवार पाळला जातो, तेथे एक वार आपोआप ठरलेला आहे. मात्र त्या दिवशी मासळीची मेजवानी केली, तर त्यागाचा हेतूच हरवतो. साधा रस्सा व भाकर पुरे.

ताजा मासा ओळखण्यास मोठी विद्या लागत नाही. डोळे स्वच्छ व फुगीर असावेत, कल्ले लालसर असावेत, आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर यावे. घरी आणताच मासा साफ करून हळद-मीठ लावावे व त्याच दिवशी शिजवावा. कांदा, लसूण, आले व थोडे सुके खोबरे भाजून वाटावे, ते तेलात परतून चिंचेचा कोळ घालावा, आणि रस्सा उकळल्यावर तुकडे सोडून दहा-बारा मिनिटे मंद आचेवर ठेवावेत. मासा फार वेळ शिजवू नये आणि सारखा ढवळू नये, नाहीतर तो फुटतो. खोल तेलात तळण्यापेक्षा रस्सा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजणे प्रकृतीला व खिशाला दोन्हींना बरे.

मुले काट्यांना भितात, ही आयांची नेहमीची तक्रार. त्यांच्यासाठी रोहू वाफवून गार करावा, बोटांनी चाचपून काटे काढावेत, आणि उकडलेला बटाटा, कोथिंबीर व मीठ मिसळून तव्यावर टिक्क्या भाजाव्यात. मोठ्यांनी लहान मासळीकडे दुर्लक्ष करू नये. नदीतील बारीक मासे कुरकुरीत भाजून काट्यांसकट चावून खाल्ले, तर हाडांना लागणारे कॅल्शियमही मिळते. अशा लहान माशांचे पोषणमूल्य दाखवून देणाऱ्या डॉ. शकुंतला थिल्स्टेड यांना २०२१ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

सुके बोंबील, सुकट आणि झिंगे हे तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्याचे मित्र. मूठभर झिंगे निवडून, कोरडे भाजून, कोमट पाण्यात दोनदा धुवावेत. वाळू जाते व खारटपणाही उतरतो. मग ते वांग्यात किंवा अंबाडीच्या भाजीत घालावेत. ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी मात्र खारवलेली मासळी बेतानेच खावी.

पावसाळ्यात एक पथ्य पाळावयाचे आहे. मध्यप्रदेशात १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत नद्यांत व नदीला जोडलेल्या जलाशयांत मासेमारीस बंदी असते, कारण तो माशांच्या अंडी घालण्याचा काळ. त्या दोन महिन्यांत नदीतून चोरून धरलेली मासळी घेऊ नये. सुक्या मासळीवर किंवा नदीशी संबंध नसलेल्या तळ्यांतील माशांवर भागवावे. तसेच थाई मांगूर हा मासा स्वस्त मिळाला तरी नाकारावा. त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे.

ज्यांच्या संत्र्याच्या बागेत शेततळे आहे, त्यांनी आणखी एक विचार करावा. कतला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी; म्हणून तिन्ही एकाच तळ्यात सुखाने वाढतात. पूर्वी यांची पिले नदीतूनच धरून आणावी लागत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाची सुई देऊन या माशांची वीण घडवून आणली, आणि बीज मिळणे सुलभ झाले. तो दिवस आपल्या देशात मत्स्यपालकांचा दिवस म्हणून पाळला जातो. मात्र बागेतील फवारणीचे पाणी तळ्यात उतरू देऊ नये, मासे मरतात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती ताटाविषयी आहे. अनेक घरांत मधले तुकडे कर्त्या पुरुषाला व मुलांना जातात, मुलीला शेपटी मिळते, आणि स्वयंपाक करणारी रश्शात भाकर बुडवून उठते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात लाली कमी आढळली. मासळीत लोह फार नसते. पण ती भाकरीतील व पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत करते. लिंबाची फोड किंवा जेवणानंतरचे आपले संत्रे हेही तेच काम करते. ही मदत जिला सर्वांत अधिक हवी, तिच्याच ताटात तुकडा नसेल, तर घरात मासळी शिजून काय उपयोग?

म्हणून, भगिनींनो, वाढावयास बसण्यापूर्वीच तुकडे मोजावेत आणि आपला व मुलीचा तुकडा बाजूला काढून ठेवावा. यात आप्पलपोटेपणा मुळीच नाही. आईची प्रकृती धड असेल, तरच घर धड राहते. आणि कुटुंबप्रमुखांनी हे पान वाचले, तर पुढच्या जेवणात पहिला तुकडा त्यांनी आपल्या हाताने तिच्या ताटात वाढावा.