आपलं धान्य, त्यांची भूक

कॅनडात ‘फूडग्रेन्स बँक’ आहे. १९८३ साली वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती संस्थांनी मिळून काढलेली. आज त्या १५ आहेत. शेजारीपाजारी मिळून एखादं शेत पिकवतात आणि ते पीक जगातल्या भुकेल्यांसाठी देतात. पूर्वी धान्यच जहाजाने जाई. त्यात महिने जात, पैसा जाई. सरकारी मदतीला अट होती, धान्य बहुतांशी कॅनडाचंच हवं. ती काढा म्हणून याच मंडळींनी पाठपुरावा केला! २००८ मध्ये अट पूर्ण गेली. आता पीक तिथेच विकायचं आणि अन्न शक्यतो भुकेल्यांच्या जवळपास घ्यायचं.

स्वतःच्या शेतातलं पोतं पाठवण्याचं सुख सोडणं सोपं नसावं. मला हेच मोठं वाटतं. शाळेत असताना पूरग्रस्तांसाठी मी मुलांकडून जुने कपडे गोळा करायचे. तुम्हाला काय हवंय, हे कधी विचारलंच नाही.